स्वस्त डिस्कांची मोळी



2009 साली इंदूरमधल्या एका मराठी ग्रंथालयाच्या कार्यालयात मी अगदी सहज म्हणालो, "सर्व्हरवर रेड टाकून घेऊ." शेजारच्या टेबलावर खतावणी लिहीत बसलेल्या काकांनी पेन खाली ठेवलं. "रेड? आपल्याकडे? अहो, लोक इथे वार्षिक वर्गणी भरायला मागेपुढे बघतात, आपल्याकडे धाड टाकून कुणाला काय मिळणार?" मग सगळे हसले आणि मला पाच मिनिटं समजावून सांगावं लागलं की ही रेड आयकराची नाही, कॉम्प्युटरमधली आहे. आर म्हणजे रिडंडंट, ए म्हणजे ॲरे, आय म्हणजे इनएक्स्पेन्सिव्ह, डी म्हणजे डिस्क. स्वस्त डिस्कांचा संच, ज्यात थोडं जादा धरून ठेवलेलं असतं. एक डिस्क गेली तरी माहिती जात नाही.

"एक गेली तरी चालेल?" चिटणीसांनी विचारलं होतं.

"चालेल," मी म्हणालो होतो.

हे "चालेल" मला पुढे कसं भोवलं ते आज सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात जावं लागेल. तिथे 1987 च्या डिसेंबरात तिघांनी एक छोटा अहवाल लिहिला. माझ्या त्या उत्तराची सगळी गंमत आणि सगळी चूक त्या अहवालाच्या गणितात आधीच बसलेली होती.

आधी त्या काळातल्या डिस्का कशा होत्या ते डोळ्यांसमोर आणा. हार्ड डिस्कचा जन्म 1956 चा. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या गटाने रॅमॅक नावाचं यंत्र बनवलं. त्यातल्या डिस्कच्या कपाटात दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि सगळ्या मिळून 50 लाख अक्षरं मावत. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो त्याहून जड असतात. पण तेव्हा तो चमत्कार होता. पुढची तीस वर्षं मोठ्या कंपन्यांचा, बँकांचा, विमा कंपन्यांचा कारभार याच वंशातल्या, दिवसेंदिवस मोठ्या होत गेलेल्या डिस्कांवर चालला. खोलीभर जागा, खोलीभर वीज, आणि देखभालीला कंपनीचा माणूस.

ऐंशीच्या दशकात दुसऱ्या बाजूने पर्सनल कॉम्प्युटर आला. त्याला लागणारी डिस्क लहान, तळहाताएवढी, आणि लाखांच्या संख्येने बनायला लागलेली. बर्कलीत डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ हे दोन प्राध्यापक आणि गार्थ गिब्सन हा त्यांचा विद्यार्थी या तिघांनी या दोन जातींच्या डिस्का एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडल्या. एकीकडे आयबीएमची 3380: 14 इंची तबकड्या, 7,500 मेगाबाइट, 6,600 वॅट वीज, 24 घनफूट जागा. दुसरीकडे कॉनर या नव्या कंपनीची साडेतीन इंची डिस्क: 100 मेगाबाइट, 10 वॅट, जागा 0.03 घनफूट. म्हणजे 75 लहान डिस्क एकत्र केल्या की मोठीएवढी साठवण, वीज साडेसातशे वॅट आणि जागा सव्वादोन घनफूट. मेगाबाइटचा भावही लहानीचाच कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 75 डिस्कांवर वाचायला-लिहायला 75 हात. एका मोठ्या गोदामाला एकच दार असण्यापेक्षा 75 टपऱ्या बऱ्या, तसं.

त्यांना ही निकड का वाटली? पॅटरसन हे प्रोसेसरच्या जगातले माणूस. रिस्क नावाच्या साध्या, वेगवान प्रोसेसरच्या रचनेवर त्यांचं नाव आहे, त्याबद्दल पुढे 2017 चा ट्यूरिंग पुरस्कारही त्यांना मिळाला. प्रोसेसर दरवर्षी झपाट्याने वेगवान होत चालले होते. डिस्क मात्र शेवटी एक फिरणारी तबकडी आणि त्यावर हलणारा दांडा. दांडा हलवायला लागणारा वेळ काही दरवर्षी निम्मा होत नाही. स्वयंपाक्याचा हात दहापट चालायला लागला तरी कोठीतून सामान आणणारा त्याच चालीने येत असेल तर पंगत वेळेवर उठत नाही. हे संकट येतंय, असं अहवालात स्पष्ट म्हटलं होतं.

आता खरी अडचण. लहानपणी आपण सगळ्यांनी काठ्यांच्या मोळीची गोष्ट ऐकली आहे. म्हातारा बाप मुलांना एकेक काठी मोडायला देतो, मोडते. मग मोळी देतो, मोडत नाही. डिस्कांच्या बाबतीत ही गोष्ट नेमकी उलटी आहे. माहिती शंभर डिस्कांवर पसरून ठेवली तर त्यातली कुठलीही एक मोडली की सगळी मोळी गेली. तक्त्यातल्या दोन्ही डिस्कांचं सरासरी आयुष्य कागदावर सारखंच होतं, 30,000 तास, म्हणजे साधारण साडेतीन वर्षं. एक मोठी डिस्क साडेतीन वर्षांत कधीतरी जाईल. पण शंभर लहान डिस्कांपैकी पहिली जायला सरासरी किती वेळ? 30,000 भागिले 100. तीनशे तास. दोन आठवडेसुद्धा नाहीत. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर कुणी तो अहवाल वाचलाही नसता.

उपाय होता जादा ठेवण्याचा. आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण या भागात गंमत आहे.

सगळ्यात सोपा उपाय प्रत्येक डिस्कची जुळी बहीण ठेवण्याचा. एकीवर लिहिलं ते दुसरीवर लिहायचं. याला त्यांनी पहिली पातळी म्हटलं. भक्कम, पण निम्मे पैसे जादात जातात. दुसरी पातळी मेमरीच्या चिपसाठी वापरल्या जाणाऱ्या हॅमिंगच्या संकेतावर आधारलेली: दहा डिस्कांमागे चार जादा. हे चार कशाला? तर चूक झाली आहे हे ओळखायला, आणि ती कोणत्या डिस्कवर झाली ते शोधायला.

मग त्यांनी एक साधीच गोष्ट पुढे ठेवली. मेमरीची चिप चुकली तर गप्प चुकते. डिस्क मात्र मरते तेव्हा बोंब मारते. तिचा नियंत्रक सांगतो की ही वाचता येत नाही. म्हणजे गुन्हेगार कोण ते आधीच माहीत आहे! मग शोधायला लागणाऱ्या जादा डिस्का कशाला? फक्त हरवलेलं परत आणायला एकच पुरे. ही तिसरी पातळी.

एका डिस्कवर बाकी सगळ्यांचं हरवलेलं कसं मावतं, असा प्रश्न मला ग्रंथालयातल्या त्या खतावणीवाल्या काकांनीही विचारला होता. मी त्यांना त्यांच्याच वहीतलं उदाहरण दिलं. तीन भावांचे आकडे तीन पानांवर आणि चौथ्या पानावर बेरीज. एक पान फाटलं तर? बेरजेतून उरलेली दोन वजा करा. काका म्हणाले, "पण बेरीज मोठी होत जाणार, पानात मावणार कशी?" अगदी बरोबर शंका. म्हणून कॉम्प्युटर हातचा न घेता बेरीज करतो. त्याच्याकडे आकडे दोनच, शून्य आणि एक. तीन डिस्कांवर 1, 0, 1 असेल तर एक किती वेळा आला? दोनदा, सम संख्या, म्हणून चौथीवर 0. विषम वेळा आला असता तर 1. आता मधली डिस्क गेली. उरले 1, 1 आणि जादाचा 0. एक दोनदा आहे, सम आहे, म्हणजे हरवलेला 0 होता. बस. काका खूश झाले. त्यांना ही "हातच्याशिवायची बेरीज" इतकी आवडली की नंतर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत. याला पॅरिटी म्हणतात.

चौथ्या आणि पाचव्या पातळीतला फरक तर कुठल्याही पेढीवरच्या माणसाला कळेल. चौथ्या पातळीत सगळ्यांची बेरीज एकाच डिस्कवर असते. कुठल्याही डिस्कवर एक छोटा बदल केला तरी जुना आकडा वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा आकडा लिहा, नवी बेरीज लिहा, अशी चार कामं. त्यातली दोन नेहमी त्या एकाच डिस्कवर. पेढीत दहा कारकून आणि मुनीम एकच असेल तर सगळी रांग मुनिमाच्या टेबलापाशी लागणार. पाचव्या पातळीत मुनिमाचं काम वाटून दिलं: या ओळीची बेरीज पहिल्या डिस्कवर, पुढच्या ओळीची दुसऱ्या डिस्कवर, असं फिरतं. रांग मोडली. हीच ती प्रसिद्ध रेड पाच.

हे सगळं त्यांनी शून्यातून शोधलं का? नाही. टँडेम कंपनीची, न थांबता चालणारी म्हणून विकली जाणारी यंत्रं 1976 पासून जुळ्या डिस्का वापरत होती. आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना, निकामी झालेल्या साठवणीतली माहिती परत मिळवण्याच्या पद्धतीचं पेटंट 1978 मध्ये मिळालं होतं. बर्कलीच्या तिघांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत पडलेल्या युक्त्या एका फळीवर मांडल्या, त्यांना क्रमांक दिले, प्रत्येकीची किंमत आणि आयुष्य मोजलं, आणि एक लक्षात राहील असं नाव दिलं. माझ्या मते हे शोधापेक्षा कमी नाही. बाजारात जाऊन "मला पाच नंबर द्या" म्हणता यायला लागलं. 1988 च्या जूनमध्ये शिकागोच्या सिगमॉड परिषदेत हा निबंध वाचला गेला आणि पुढच्या काही वर्षांत त्यातून एक उद्योग उभा राहिला.

आता त्या निबंधातला जो आकडा बघून माझ्यासारखे लोक निर्धास्त झाले तो बघू. शंभर डिस्का, दहा-दहांचे गट, प्रत्येक गटाला एक जादा. पाचव्या पातळीत या संचातली माहिती जायला सरासरी किती वेळ लागेल? सुमारे 8,20,000 तास. नव्वद वर्षांहून जास्त! तीनशे तासांवरून नव्वद वर्षं, तेही दहा टक्के जादा डिस्कांत. कुणालाही भुरळ पडेल.

पण हे गणित दोन गोष्टी गृहीत धरून केलेलं होतं, आणि लेखकांनी त्या लपवलेल्या नव्हत्या. पहिली: गेलेली डिस्क तासाभरात बदलून भरून होईल. दुसरी: डिस्का एकमेकींशी संबंध न ठेवता, आपापल्या वेळी मरतील.

हे लक्षात ठेवा.

कागदावरून लोखंडात यायला त्यांनाही घाम गाळावा लागला. 1989 मध्ये बर्कलीत रेड वन नावाचं पहिलं यंत्र उभं राहिलं. सन कंपनीचा एक वर्कस्टेशन आणि त्याला जोडलेल्या सव्वापाच इंची 28 डिस्क. एक डिस्क त्या यंत्रावर सेकंदाला 1.3 मेगाबाइट देत होती. 28 मिळून वापरणाऱ्याच्या हातात किती पडावं? पडलं 2.3. दुप्पटसुद्धा नाही! डिस्का तयार होत्या, पण त्यांनी आणलेलं सामान वर्कस्टेशनच्या मेमरीतून इकडून तिकडे उचलण्यातच वेळ जात होता. 75 टपऱ्या उघडल्या, पण गल्ली एकच. मला ही हकीकत फार आवडते, कारण यशाच्या इतिहासात ती सहसा गाळली जाते. त्यातून शिकून केलेल्या रेड टूमध्ये डिस्कांचा रस्ता त्या मेमरीला वळसा घालून थेट नेटवर्कला जोडला, तेव्हा वेग खरा दिसला.

तोवर कंपन्यांनी हे नाव उचललं होतं. फक्त त्यातला "आय" त्यांना सलत होता. लाखो डॉलरची कपाटं विकताना पाटीवर "स्वस्त" कोण लिहील? मग इनएक्स्पेन्सिव्हच्या जागी इंडिपेंडंट आलं, स्वतंत्र डिस्कांचा संच. आद्याक्षर तेच राहिलं. गंमत म्हणजे नव्या शब्दाने त्या गणितातलं दुसरं गृहीतकच नावात कोरलं गेलं. डिस्का स्वतंत्र आहेत, असं.

आमच्यासारख्यांच्या हातात रेड आली ती लिनक्समुळे. महागडं कार्ड नको, कपाट नको, साध्या कॉम्प्युटरमध्ये चार डिस्क लावा आणि बाकीचं काम लिनक्सच्या कर्नलला करू द्या. ते चालवण्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या नील ब्राउन यांनी एमडीॲडम नावाची आज्ञावली लिहिली, ती आजही वापरात आहे. संचाची तब्येत एका छोट्या फाइलमध्ये दिसते. चार डिस्क ठीक असतील तर कंसात चार यू अक्षरं. एक गेली की तिच्या यूच्या जागी खालची रेघ.

आता इंदूर. मी तेव्हा तिथल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळत होतो आणि रविवारी ग्रंथालयाचं काम करत होतो, हौसेने. इंदूरचा मराठी समाज होळकरांच्या काळापासूनचा, म्हणून ग्रंथालयाकडे जुन्या अंकांची आणि हस्तलिखितांची कपाटं होती, ती आम्ही स्कॅन करत होतो. त्याशिवाय दोन-तीन तरुण मुलं हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर शहरातल्या म्हाताऱ्या माणसांची बोलणी टिपून आणत. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, माळव्याचं पाणी लागलेली मराठी. रेकॉर्डरची कार्डं मोजकीच होती. आणलेलं सर्व्हरवर चढवायचं, कार्ड पुसायचं आणि पुढच्या घरी जायचं. "सर्व्हरवर गेलं म्हणजे सुरक्षित" हे वाक्य त्या मुलांना मीच शिकवलं होतं.

डिस्क चार, प्रत्येकी एक टेराबाइट, पाचवी पातळी. वापरायला तीन टेराबाइट. चारही एका दिवशी, एका दुकानातून, एकाच खोक्यातून घेतल्या. त्यांचे क्रमांक एकापुढे एक होते आणि मला ते नीटनेटकं वाटलं होतं, काय सांगू! एकाच कारखान्यात, बहुधा एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच पेटीत, एकाच पंख्याच्या वाऱ्यात, सारख्याच तासांसाठी फिरणाऱ्या चार बहिणी. स्वतंत्र म्हणे.

आणखी दोन गोष्टी केल्या. लिनक्सची मी वापरत असलेली आवृत्ती महिन्याच्या पहिल्या रविवारी संचातली प्रत्येक जागा आपणहून वाचून तपासत असे. त्या दिवशी यंत्र मंद व्हायचं आणि आमचं काम तर रविवारचंच. मी ती तपासणी बंद करून टाकली. दुसरी, संचात बिघाड झाला तर येणारी ईमेल कुठे जावी ते मी भरलंच नाही. न भरल्यास ती त्याच यंत्रातल्या रूट नावाच्या खात्याच्या पेटीत पडते. ती पेटी कोण उघडतं?

2010 च्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी कशासाठी तरी मी ती तब्येतीची फाइल उघडली. तीन यू आणि एक रेघ. रूटच्या पेटीत 23 पत्रं होती, रोज एक. म्हणजे 23 दिवस आमचा संच एका पायावर उभा होता आणि मुलं त्यावर सामान चढवून खाली कार्डं पुसत होती. निबंधातला एक तास आणि आमचे 23 दिवस.

तरी मी घाबरलो नाही. एक गेली तरी चालेल. नवी डिस्क आणली, गेलेली काढली, पुनर्बांधणी सुरू केली. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पुनर्बांधणीत उरलेल्या तिन्ही डिस्कांची प्रत्येक जागा वाचावी लागते, वर्षभरात कुणी न उघडलेल्या जागासुद्धा. एकसष्ट टक्क्यांवर काम थांबलं. दुसऱ्या डिस्कवर काही जागा वाचता येत नव्हत्या. त्या आज बिघडल्या नव्हत्या. कधीपासून तशाच पडून होत्या आणि मी बंद केलेल्या तपासणीत त्या पहिल्याच महिन्यात सापडल्या असत्या.

डिस्क मरते तेव्हा बोंब मारते, हे बर्कलीकरांचं म्हणणं खरंच होतं. पण ती अर्धवट बिघडते तेव्हा कुणी हाक मारेपर्यंत गप्प बसते.

पुढचे आठ दिवस मी त्या डिस्कची नक्कल काढत होतो, वाचता येतं ते घेत, येत नाही ते सोडत. त्या नकलेवरून संच जबरदस्तीने उभा केला. स्कॅन जवळजवळ सगळे आले, आणि जे गेले त्यांची मूळ पानं कपाटात होतीच. ध्वनिफितींपैकी अकरा फाइली उघडल्या नाहीत. त्यातल्या दोन एका आजींच्या होत्या, आणि त्या आजी त्याच वर्षी मे महिन्यात गेल्या होत्या.

चिटणीसांना सांगायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही एक गेली तरी चालेल म्हणाला होतात ना? मग गेल्या किती?"

"दीड," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. आजींच्या नातवाला त्यांनीच फोन केला, मला करू दिला नाही.

नंतर मी वाचायला बसलो. आधी वाचायला हवं होतं. 2007 मध्ये, म्हणजे मी ती चार डिस्क विकत घेण्याच्या दोन वर्षं आधी, एक शोधनिबंध आला होता. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन. होय, तोच गिब्सन, 1987 चा विद्यार्थी, तेव्हा कार्नेगी मेलनमध्ये प्राध्यापक होता. त्या दोघांनी मोठ्या संगणक केंद्रांतल्या सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या होत्या. कंपन्यांच्या पत्रकांवर आयुष्य दहा लाख तास किंवा त्याहून जास्त, म्हणजे वर्षाला फार तर 0.88 टक्के डिस्क जाव्यात. प्रत्यक्षात बदलाव्या लागत होत्या 2 ते 4 टक्के, काही ठिकाणी 13 टक्क्यांपर्यंत. आणि दुसरा निष्कर्ष मी दोनदा वाचला: डिस्का एकमेकींपासून स्वतंत्रपणे बदलाव्या लागत नव्हत्या. एक गेली की आणखी जाण्याची शक्यता वाढत होती. स्वतःच्या तरुणपणीच्या गणिताचं गृहीतक वीस वर्षांनी स्वतःच नोंदी काढून तपासणारा माणूस मला मोठा वाटतो.

पहिल्या गृहीतकाचं काय झालं तेही बघा. 1987 ची 100 मेगाबाइटची डिस्क, सेकंदाला एक मेगाबाइटने भरली तरी दोन मिनिटांत पूर्ण. आज 20 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 200 मेगाबाइटने भरत बसलात तर अठ्ठावीस तास, तेही यंत्राने दुसरं काहीच काम केलं नाही तर. पोट दोन लाखपट वाढलं, तोंड दोनशेपट. शिवाय साध्या डिस्कांच्या पत्रकावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दहावर चौदा शून्यं इतक्या बिटांमागे नव्हे, एकावर चौदा शून्यं इतक्या बिटांमागे एखादी जागा वाचता न येऊ शकते. म्हणजे साडेबारा टेराबाइटमागे एकदा. आमच्या पुनर्बांधणीत तीन टेराबाइट वाचायचे होते. त्या छापील आकड्यावरून गेलं तर साधारण पाचात एक डाव हरण्याचा, आणि हे डिस्का धडधाकट असताना. प्रत्यक्षात डिस्का त्याहून बऱ्या वागतात, पण मी "चालेल" म्हणताना हा आकडा मला माहीतही नव्हता.

म्हणूनच पाचव्या पातळीवरून लोक सहाव्या पातळीकडे गेले, जिथे दोन वेगवेगळ्या हिशेबांच्या बेरजा असतात आणि दोन डिस्क गेल्या तरी निभावतं. सन कंपनीच्या झेडएफएसने 2005 पासून प्रत्येक तुकड्याची पडताळणीची खूण ठेवायला सुरुवात केली, म्हणजे न मरता खोटं बोलणारी डिस्कही पकडली जाते. गूगलने 2003 साली जाहीर केलेल्या आपल्या फाइल व्यवस्थेत तर प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, वेगवेगळ्या यंत्रांवर, अशीच सवय ठेवली. आणि यातलं काहीही बॅकअप नव्हे. जुळ्या डिस्कांपैकी एकीवरची फाइल चुकून पुसलीत तर दुसरीवरची त्याच क्षणी, तितक्याच निष्ठेने पुसली जाते. रेड तुम्हाला डिस्कच्या मरणापासून वाचवते. तुमच्यापासून नाही.

ग्रंथालयाचा सर्व्हर आज वेगळा आहे. सहा डिस्क, दोन कंपन्यांच्या, तीन वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या, सहावी पातळी. महिन्याची तपासणी चालू आहे आणि त्या रविवारी सगळे यंत्र मंद आहे म्हणून कुरकुरतात. बिघाडाची ईमेल माझ्याकडे, चिटणीसांकडे आणि त्या रेकॉर्डरवाल्या मुलांपैकी एकाकडे जाते. तो आता बंगळुरूला असतो. एक पूर्ण प्रत पुण्यात एका सभासदाच्या घरी आहे, कॉम्प्युटरला न जोडलेल्या डिस्कवर, कपाटात. कार्ड पुसायचं ते पुण्याची प्रत झाल्याचा निरोप आल्यावरच, असा नियम चिटणीसांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीला लावला होता. ते आता नाहीत, पण कागद आहे.

दर दिवाळीत पुण्याच्या प्रतीतली कुठलीतरी एक फाइल चिठ्ठी टाकून निवडतो आणि उघडून शेवटपर्यंत ऐकतो. गेल्या वर्षी एका आजोबांची निघाली, चाळीस मिनिटं, तुकोजीरावांच्या काळातल्या बग्गीच्या घोड्यांबद्दल. पूर्ण वाजली.